गंजीवरचं चाक

पिंपरीला कारखान्याच्या भिंती उठत होत्या तेव्हाची गोष्ट. माझा मेव्हणा नुकताच तिथं चिकटला होता. त्यानं काढलं, गावातले गडी आणि कारखान्यातले कामगार मिळून हुतुतूचा एकच संघ करू. सामना तळेगावला. सगळ्यांच्या गंजीवर, छातीला, एकच निशाणी.

निशाणीचा कागद घेऊन तो आमच्या ओट्यावर बसला. दातेरी चाक, आणि चाकाच्या मधोमध बाजरीचं कणीस.

"दाजी, चाक म्हंजे कारखाना, कणीस म्हंजे गाव. दोगं एक."

"मग कणीस आत का? चाक का न्हाई कणसाच्या आत?"

"आता काय बोलावं! चित्र हाय त्ये."

मला काही ते चित्र वाटलं नाही. आमच्याकडं बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग असतो. ज्याचा डाग त्याचा बैल. बाजारात तंटा झाला की मालकाच्या तोंडाकडं कोण बघतो, डाग बघतात. त्याच महिन्यात कारखान्यासाठी जमीन मोजणारे विहिरीजवळच्या माझ्या शेतात साखळी ओढून गेले होते. उद्या कुणी म्हणेल, यानं छातीवर चाक मिरवलं, म्हणजे जमीन द्यायला कबूल. अंगठाही नको.

गंज्यांवर निशाण्या दोऱ्यानं भरायचं काम माझ्या बायकोनं घेतलं. तिच्यावरही माझा डोळा होता. बहीण-भाऊ बोलत असायचे आणि मी आलो की गप्प.

सामन्याच्या सकाळी तिनं माझी गंजी घडी घालून पुढं केली.

"घाला की. मुद्दाम तुमच्यासाठी..."

"तुझ्या भावाला घाल," म्हणालो आणि घडी तशीच चुलीत सारली.

ती ओरडली नाही. फुंकणी बाजूला ठेवली. "उलगडून तरी बघायचं हुतं," एवढंच म्हणाली. पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही. तळेगावला गेलो नाही.

शेत पुढच्या साली गेलंच. चाक मिरवणाऱ्यांचं गेलं, माझंही गेलं.

परवा बायकोच्या दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघत बसलो होतो. मेव्हणा शेजारी टेकला. आता तोही म्हातारा.

"दाजी, तुमच्या गंजीवर अक्कानं कणीस मोठं काढलं हुतं. चाक त्येच्या पोटात. एकट्या तुमच्याच. मला म्हणली, तू बोलू नगंस, त्येंचं त्येंना दिसंल."

"खोटं बोलतूस."

तो उठून पिंडावरच्या माशा वारायला लागला.

मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की मी जळावं म्हणून? इतकी वर्षं का नाही बोलला? खरंखोटं एकच बाई सांगू शकत होती. ती होती तेव्हा, त्या घडीत काय होतं ते तिला विचारायचं कैकदा मनात आलं. पण वाटायचं, ही तरी खरं कशावरून सांगेल.