शेंगीचं लाल अंगडं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी भुसावळला बँकेच्या रांगेत उभा होतो. मुक्ताईनगरजवळ आमची केळीची बाग आहे, तिच्या कडेच्या नाल्यात छातीत कळ येऊन ते पडले. तिथं वेडी बाभूळ आणि घाणेरी अशी माजली आहे, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मजुरांना आधी दिसलं ते शेंगीचं लाल अंगडं... आणि मग तिच्याजवळ पडलेले नाना.

शेंगी ही माझ्या या थोरल्या काकांची कुत्री. मांजराएवढी, भुईमुगाच्या शेंगेच्या रंगाची. कुणा शहरी माणसानं हौस फिटल्यावर तिला हायवेवर सोडून दिलं होतं. असल्या माणसांची मला किळस येते. नानांनी त्यांना एक शिवी हासडली आणि तिला घरी आणलं. पण वाळल्या गवतात शिरली की ती दिसेनाशीच व्हायची, आणि शेजारच्या मळ्यातला दिगंबर नाल्यात रानडुकरांसाठी क्लचवायरचे फास लावून ठेवायचा. म्हणून नानांनी केळीच्या घडाला घालतात ती निळी पिशवी कापून तिच्या अंगात घातली. बागेत घडाघडावर तीच पिशवी! संध्याकाळपर्यंत आम्ही केळीच्या घडांना हाका मारत फिरलो. अक्का, म्हणजे काकू, हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनीच आपल्या जुन्या लाल लुगड्याचं अंगडं शिवलं, पोटाखाली दोन बंद. ते घट्ट आहेत ना, हे बोट घालून पाहिल्याशिवाय नाना तिला सोडत नसत. स्वतःच्या हातात पक्कड. फास दिसला की तोडायचा.

"डुकराले मारायचं त समोर उभं राहून मार म्हना," ते म्हणायचे, "तार लावायची अन् घरी जाऊन झोपायचं, थू!"

चौथ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. धुळ्याला दिलेल्या आत्यानं शेंगीकडे पाहून नाक मुरडलं, "सुतकना घरमा हाई लाल काय घालेल शे? लोके काय म्हनतीन?"

लोक! ज्या अंगड्यामुळे नाना सापडले, ते लोकांना बरं दिसत नव्हतं. आणि मी? वाद नको म्हणून मुकाट्यानं बंद सोडले, अंगडं खुंटीला अडकवलं. दुपारी शेंगी नानांना शोधत नाल्यात गेली. दोन दिवस आम्ही हाका मारल्या. तिच्या अगदी जवळून दोनदा गेलो होतो, हे मागाहून कळलं. तार कमरेत रुतली होती... पुढचं लिहवत नाही.

तेराव्याला दिगंबर पहिल्याच पंगतीला बसला. फास त्याचाच होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. तरी हात जोडून म्हणतो कसा, "नाना म्हंजे मुक्या जनावरांचे मायबाप!" पंगतीनं माना डोलावल्या. बुंदीचं ताट मी तसंच आत नेऊन खाली ठेवलं.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हटलं, "अक्का, त्या माणसाला मी वाढणार नाही."

त्यांनी वर पाहिलंही नाही.

"तार त्यानं लावली," त्या म्हणाल्या. "अन् अंगडं कोनी काढलं?"

मी ताट उचललं, बाहेर गेलो आणि दिगंबरला आग्रह करकरून दोनदा वाढलं.