घरच्या शब्दांची फाइल

फ्यूजताईंचं खरं नाव आता पगाराच्या यादीपुरतंच उरलं होतं. अठरा वर्षांपूर्वी रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांनी टेबलावर चढून उडालेला फ्यूज बदलला, आणि घशाच्या त्या दवाखान्यात हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे सर्व्हर त्यांच्या हाती आला. कामात बाई भलत्या कडक. बिघडलेल्या डिस्कची आधी नक्कल काढायची आणि दुरुस्ती नकलेवर करायची. मूळ डिस्कला हात लावणाऱ्याला त्या अशा झापायच्या, की तो पुढे त्यांना पाहून जिना बदलायचा.

स्वरयंत्र काढावं लागणाऱ्या रुग्णांचे आवाज त्या सर्व्हरवर असत. ऑपरेशनआधी माणूस आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवी. नंतर बटण दाबलं की यंत्र तीच ऐकवी. शेवटच्या बैठकीत घरचे शब्द असायचे. हाका, टोमणे, हसणं.

त्या मंगळवारी सकाळी सर्व्हर उठेना. आदल्या संध्याकाळी एका शिक्षकांची शेवटची बैठक संपता संपता वीज गेली, बॅटरीनेही मान टाकली, आणि डिस्कवरची फायलींची मांडणी विस्कटली. ताईंनी दुरुस्तीचा प्रोग्राम लावला. तो मध्येच कोसळला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. डिस्कवर काय लिहायचं बाकी आहे ते सर्व्हर आधी एका नोंदवहीत टिपून ठेवतो. ती वाचतानाच प्रोग्राम मरत होता.

मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "ताई, अकराला पेशंट येतील. किती वेळ?"

"नक्कल काढायलाच सहा तास."

"आणि दुरुस्तीला?"

"ते त्यानंतर."

"बरं. मी निवृत्त झालो की घरी निरोप धाडा."

डॉक्टर हसले, ताईंना ते लागलं. नोंदवहीच सडली असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. ती पुसून टाकायची सोय होती. शेवटच्या नोंदी कायमच्या जातील, चालेल का, असं प्रोग्रामने विचारलं. ताईंनी 'हो' दाबलं. तेही मूळ डिस्कवर.

प्रोग्राम पुन्हा कोसळला.

तेव्हा कुठे त्यांनी मेमरीकडे पाहिलं. लाखो बारीक फायली हाताळताना ती अपुरी पडत होती, इतकंच. शेजारच्या मशीनमधल्या मेमरीच्या दोन पट्ट्या काढून त्यांनी इथे बसवल्या, आणि चाळीस मिनिटांत प्रोग्राम सुरळीत पार पडला. नोंदवहीला मुळात काही म्हणता काही झालेलं नव्हतं. सगळ्यांचे आवाज परत आले, शिक्षकांची शेवटची बैठक तेवढी आली नाही; ती पुसलेल्या नोंदींतच होती. त्या वेळी ते ऑपरेशनच्या टेबलावर होते.

"बॅटरीने घात केला," डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं. ताईंनी ते तसंच राहू दिलं. घरी नवराही म्हणाला, "बॅटरी मेली, त्यात तुझा काय दोष? जेव आधी." त्या जेवल्या. जेवण चवीला लागलं, याचीच त्यांना लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डात गेल्या. गळ्याला पट्टी बांधलेले शिक्षक उशीला टेकून बसले होते आणि बायको त्यांची नखं कापत होती.

"या ताई. ते बॅटरीचं कळलं आम्हाला. तुम्ही खूप धडपड केलीत म्हणे."

"बॅटरीमुळे नाही गेलं, वहिनी. मी पुसलं. थांबून नक्कल काढली असती तर मिळालं असतं. मी घाई केली."

नेलकटर थांबलं.

"हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? दोन दिवस बॅटरीला शिव्या घालून बरं चाललं होतं माझं."

"येते मी," म्हणत ताई वळल्या.

"निघालात कुठे? बसा." वहिनींनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. "सांगून मोकळं व्हायला आला असाल, तर तसं व्हायचं नाही. काय काय बोलून ठेवलं होतं, ते हे लिहितील. तुम्ही वाचायचं. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

शिक्षकांनी बायकोकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि वही मांडीवर ओढली. पहिली ओळ लिहून पुढे केली.

"अगं ए, गॅस बंद केलास का," ताईंनी कसंबसं वाचलं.

"असं नाही," वहिनी म्हणाल्या. "हे ओरडून म्हणायचे. पुन्हा वाचा."