फोटोत न आलेले हात

बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा सांगणारा जो बायकी आवाज आहे, तो गेली एकवीस वर्षं एकाच बाईचा आहे. तिला सगळे भोंगाताई म्हणतात. नाव ड्रायव्हर लोकांनी ठेवलं आणि तिनेही ते निमूटपणे ठेवून घेतलं, कारण ती कुजबुजली तरी तिकीट खिडकीपर्यंत ऐकू जातं हे तिलाही माहीत होतं. आवाज एवढा मोकळा सुटायचं कारण घरातच होतं. तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. "हळू बोल" असं म्हणणारं घरात कोणी नव्हतंच.

वडील सुतार, आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. घरात बोलणं सगळं हातांचं. बोलायचं तर हातातलं काम खाली ठेवावं लागे, त्यामुळे दूध उतू गेल्याशिवाय आईची एकही गोष्ट पुरी झाली नाही. भोंगाताई हातांनी बोलायला आधी शिकली, तोंडाने मागाहून.

सातव्या वर्षापासून ती आईची जीभ झाली. दुकानदार, डॉक्टर, शाळेच्या बाई, सगळ्यांशी आईचं बोलणं हीच बोलणार. वरच्या मजल्यावरची शेजारीण आईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ओतायची. आई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करी आणि पोर तोंडाने म्हणे, "आई म्हणतेय, जरा बघून टाकत जा." शेजारीण वर आणखी चार शब्द सुनावी आणि पोर आईला हातांनी सांगे, "म्हणाली, चुकलं माझं." त्या दोघींचं शेवटपर्यंत सख्य राहिलं ते या लबाडीवर. आईच्या तोंडी आपले शब्द घालायची सवय भोंगाताईला अशी लहानपणीच लागली होती, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला चाळिशी ओलांडेपर्यंत वाटलं नाही.

आई जाऊन दोन वर्षं झाली. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून वडिलांनी तो आपल्या कामाच्या टेबलासमोर लावला होता. छातीपासून वरचा, समोर बघणारा, सरळसाधा फोटो. रंधा बाजूला ठेवून वडील रोज त्या फोटोशी बोलायचे. कुठल्या दाराचं माप चुकलं, कोणाचं लग्न ठरलं, गुडघा कसा आहे, सगळं सांगायचे. भोंगाताईला ते बघून बरं वाटायचं. माणूस एकटा पडला की गप्प होतो, हे गप्प झाले नव्हते.

मग वडिलांना सत्तर वर्षं झाली आणि धाकट्या भावाने हौस केली.

हा भाऊ आठव्या वर्षीच शिक्षणासाठी मावशीकडे गेला होता. त्यामुळे त्याच्या हातांची भाषा अडखळत चालणारी, पाहुण्यासारखी. पण जीव मोठा. त्याने आईचा तोच फोटो एआयकडून जिवंत करून आणला. जेवणं झाल्यावर टीव्ही लावला. पडद्यावर आईने पापण्या मिटल्या, मान किंचित वळवली, हसली. इथवर सगळ्यांचे डोळे भरून आले, वडिलांचेही. मग आईचे ओठ हलू लागले आणि ती बोलली. "सत्तर वर्षांचे झालात. तब्येतीला जपा."

आवाज भोंगाताईचाच होता. भावाने बसस्थानकावरच्या तिच्या घोषणा टिपून यंत्राला दिल्या होत्या आणि यंत्राने तो आवाज थोडा म्हातारा करून आईच्या तोंडात बसवला होता. मावशी हुंदके देत होती. भोंगाताई मात्र वडिलांकडे बघत होती.

वडील ओठांकडे बघत होते. त्यांना ओठ कधीच वाचता आले नाहीत, तशी गरजच पडली नाही. त्यांनी मुलाला विचारलं, "ही कोणाशी बोलतेय?"

"तुझ्याशीच, बाबा."

"माझ्याशी ती तोंडाने कधी बोलली?"

वडील उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी भोंगाताई गेली तेव्हा टेबलासमोरचा फोटो भिंतीकडे तोंड करून होता. काय झालं म्हणून तिने विचारलं. वडिलांनी हात पुसले आणि सावकाश सांगितलं, "त्रेचाळीस वर्षं आम्ही दोघं एका बाजूला होतो. आता ती तुमच्या बाजूला गेली. तिला ऐकायला येतं, बोलता येतं. माझं तिच्याशी काय काम?"

त्यांना खरं-खोटं कळत नव्हतं असं नाही. माणूस सत्तरीचा होता, खुळा नव्हता. पण डोळ्यांनी पाहिलेलं पुसता येत नव्हतं. फोटोकडे बघितलं की ओठ हलताना दिसायचे. महिना झाला, दीड महिना झाला, फोटो काही सरळ झाला नाही. आणि वडील गप्प झाले. हात फक्त लाकडासाठी उचलायचे.

भोंगाताईने भावाला फोनवर चांगला फैलावर घेतला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, तुला तिचे हात कळायचे. मला निम्मे कळायचे नाहीत. मावशीकडे सगळ्या पोरांच्या आया हाका मारायच्या. मला एकदा तिचा आवाज ऐकायचा होता गं." भोंगाताईचा राग विरघळला, पण भिंतीकडे वळलेला फोटो तसाच होता.

तेव्हा तिने ठरवलं की ज्या यंत्राने बिघडवलं त्याच्याकडूनच ते दुरुस्त करून घ्यायचं. वडिलांना जे दिसलं ते पुसायचं तर त्यावर दुसरं काहीतरी दिसायला हवं. आई बोलेल, पण हातांनी बोलेल. आणि एक अट तिने स्वतःलाच घातली. आईच्या हातात आता आपला एकही शब्द घालायचा नाही. जे आई खरंच म्हणायची तेवढंच.

म्हणजे काय, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं. वडिलांना त्यांचे दोस्त रंधा मारल्याची खूण करून बोलवत. आईने मात्र त्यांना वेगळं नाव दिलं होतं. वडील कानामागे पेन्सिल खोचत, म्हणून आई आपल्या कानामागे बोटाने दोनदा टकटक करी. हे नाव तिचं एकटीचं. मुलं "बाबा" म्हणत, दोस्त रंधा मारत, आणि कानामागची टकटक तिच्याबरोबर गेली.

भोंगाताई त्याच फोटोची प्रत घेऊन स्टुडिओवाल्याकडे गेली. हा गृहस्थ पूर्वी ओळखपत्रांचे फोटो काढायचा, आता लोकांचे जुने फोटो हलवून देतो. त्याने सांगितलं, काही कठीण नाही, तुम्ही कॅमेऱ्यासमोर जी हालचाल कराल ती यंत्र फोटोतल्या माणसाकडून करून घेईल. तिने टकटक करून दाखवली. अर्ध्या तासात आई पडद्यावर टकटक करत होती, आणि हात बघून भोंगाताईने कपाळाला हात लावला. लांबसडक बोटं, रंगवलेली नखं. फोटोत हातच नव्हते, म्हणून यंत्राने आपल्या मनाने दिले होते.

"छान आलेत की हात," स्टुडिओवाला म्हणाला.

"आलेत छान. पण कोणाचे आहेत?"

आईचे हात फोटोत शोधायचे म्हणून तिने घरातले सगळे फोटो काढले. चाळीस वर्षांचे. आणि तेव्हा तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की एकाही फोटोत आईचे हात नाहीत. चेहरा स्वच्छ, साडीचे काठ स्वच्छ आणि हातांच्या जागी पुसट फराटे. फोटो काढतानाही बाई बोलतच असायची. जिथे बोलत नव्हती तिथे फोटोवाल्याने दम देऊन हात खाली ठेवायला लावले होते आणि ते चौकटीबाहेर गेले होते. भोंगाताईला आधी हसू आलं आणि मग त्या फराट्यांकडे बघून ती रडली, चांगली पोटभर रडली. तोंड धुतलं आणि पुन्हा शोधाला लागली.

मावशीकडे नव्हते. आईच्या मैत्रिणींकडे नव्हते. पुस्तकबांधणीचा कारखाना कधीच बंद पडलेला, पण तिथला मुकादम हयात आहे असं कळलं. तीन चकरा मारल्यावर तो घरी सापडला. कानाने त्याचाही आता आनंदच होता, त्यामुळे भोंगाताईच्या आवाजाचं चीज झालं. त्याच्याकडे कारखान्यातला एक फोटो होता. सगळे कामगार लांब टेबलामागे ओळीने उभे. आई डावीकडून तिसरी. पुढ्यात नव्या पुस्तकांची चळत आणि त्यावर दोन्ही हात, हलायची सोयच नाही, कारण पुस्तकांना लावलेली खळ वाळेपर्यंत चळत दाबून धरायची होती. उजवी तर्जनी अर्धी. कापायच्या यंत्राने वरची दोन पेरं नेली होती, भोंगाताईचा जन्मही तेव्हा झाला नव्हता.

ते अर्धं बोट बघितल्यावर तिला आपली चूक कळली. आई कानामागे टकटक करायची ती मधल्या बोटाने. स्टुडिओत आपण तर्जनीने केली. वडिलांनी ते बघितलं असतं तर पहिल्या क्षणाला ओळखलं असतं.

यानंतर स्टुडिओवाल्याची जी परीक्षा झाली ती त्याच्या शत्रूचीही होऊ नये. यंत्राला अर्धं बोट पटेना. ते दर वेळी मोठ्या मनाने बोट पूर्ण करून द्यायचं. बोट लहान करायला सांगितलं तर अंगठाच गायब करायचं. एकदा बोट बरोबर आलं तर टकटक तीनदा झाली. एकदा सगळं जमलं आणि शेवटी आई कारण नसताना गोड हसली. "काढा ते हसू," भोंगाताई म्हणाली, "कामात असताना हाक मारायची ती, हसत नव्हती." रोज ड्यूटी संपली की ही स्टुडिओत हजर. अकराव्या खेपेला स्टुडिओवाल्याने हात टेकले.

"ताई, एवढं कोण बघतंय हो? चेहरा तर हुबेहूब आहे."

"ज्याने बघायचंय त्याला चेहरा पाठ आहे. तो हातच बघणार."

स्टुडिओवाला पुन्हा कामाला लागला. पुढे पुढे तर त्यालाच चेव चढला. हिच्या आधी तोच म्हणू लागला की नाही, मनगट जरा जड वाटतंय. चौदाव्या खेपेला सहा सेकंदांचं चित्र तयार झालं. आई समोर बघते, उजवा हात उचलते, मधल्या बोटाने कानामागे दोनदा टकटक करते, हात खाली घेते. आवाज नाही. ओठ मिटलेले.

रविवारी दुपारी ती वडिलांकडे गेली. ते पाठमोरे बसून फळीला घासकागद लावत होते. तिने जमिनीवर पाय आपटला, हादरा कळला तसे ते वळले. काही न सांगता तिने फोन त्यांच्या हातात दिला. वडिलांनी आधी परत करायला बघितलं. ती हटली नाही. "एकदाच," ती म्हणाली. "ओठ हलत नाहीत."

त्यांनी बघितलं. परत बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मग फोन टेबलावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बोट कुठून आणलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

तिने मुकादमाचं सांगितलं, स्टुडिओतल्या चौदा खेपांचं सांगितलं. वडील ऐकत होते, म्हणजे तिच्या हातांकडे बघत होते. "काम चोख केलंस," ते म्हणाले. सुताराच्या तोंडून, नव्हे, सुताराच्या हातून एवढी शाबासकी तिला जन्मात मिळाली नव्हती. मग त्यांनी उठून फोटो खिळ्यावरून काढला, आपल्या बाहीने पुसला आणि सरळ लावला. भोंगाताईचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, झालं आपलं काम.

"हे इथे लावून ठेवते," ती म्हणाली. "फोटोच्या खाली छोटा पडदा. बटण दाबलं की दिसेल. रोज."

वडिलांनी मान हलवली, नको.

"का?"

"नावाने हाक दुसऱ्याने मारायची असते. बटण मीच दाबायचं आणि मलाच हाक आली म्हणायचं?" त्यांचे हात थांबले, पुन्हा उचलले. "दोन वर्षं मला कोणी या नावाने बोलावलं नाही. तुला येतं ना? मग तू बोलव."

ती गोंधळली. बापाला नावाने हाक मारायची, तीही आईने ठेवलेल्या नावाने. एकवीस वर्षं ती रोज हजारो लोकांना मोठ्याने बोलवत आली होती आणि आता हात उचलेना. वडील तोवर पाठ करून बसलेही होते, घासकागद हातात घेऊन, नेहमीसारखे.

तिने पाय आपटला. ते वळले. तिने मधलं बोट कानामागे नेलं आणि दोनदा टकटक केली.

"काय?" वडिलांनी विचारलं, जसं कामात असलेला माणूस विचारतो तसं, थोडं वैतागून.

चौदा खेपांत तिने हाकेचा कण न् कण ठरवला होता. हाकेनंतर काय म्हणायचं ते ठरवायचं राहूनच गेलं होतं. मग आई जे म्हणायची तेच तिच्या हातांना आठवलं.

"जेवायला चल," ती म्हणाली. "गार होतंय."

वडिलांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि ते जेवायला उठले.