एलेना भारतात नक्की कधी आली?

गेल्या मंगळवारी ऑफिसात एक घोळ सापडला... आणि तो मीच घातलेला निघाला.

मी बेंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेत अकाउंट्स बघते. परदेशी पाहुण्यांचे पगार, टॅक्स, कागदपत्रं सगळं माझ्याकडे. एलेना त्यातलीच एक, दोन वर्षांसाठी नाचणीवर काम करायला आलेली. तिच्या देशाचं नाव लिहीत नाही, नाहीतर कुणीतरी कॉमेंटमध्ये करार उघडून बसेल.

करार म्हणजे दोन देशांमधला, टॅक्सचा. त्या देशातून संशोधनाला आलेल्या माणसाला इथल्या पगारावर इथे टॅक्स माफ... पण मुक्काम दोन वर्षांच्या आतला हवा. एक दिवस जरी वर गेला तरी पहिल्या पगारापासूनची माफी जाते, असं आमचे सीए मूर्ती सर सांगतात.

मी ती दोन वर्षं तिच्या जॉइनिंगपासून मोजली. परतीचं तिकीटही त्याच हिशेबाने काढलेलं. मंगळवारी फाइल चाळताना पासपोर्टवरचा शिक्का बघितला आणि तोंडचं पाणीच पळालं. बाई जॉइन व्हायच्या वीस दिवस आधीच भारतात उतरल्या होत्या!

आणि का उतरल्या होत्या? कारण मीच मेल केला होता... जरा आधी ये, आमच्या जयनगरच्या घरी दिवाळी कर. म्हटलं, एवढ्या लांबून एकटी येणारी मुलगी, सणासुदीला कुठे हॉटेलात राहणार? करायला गेले एक आणि झालं भलतंच.

आता वीस दिवस आधी परत जायचं, तर तिची दुसऱ्या वर्षाची नाचणी नेमकी त्याच दिवसांत कापायला येते. कापणी हुकली की दोन वर्षांचं काम अर्धवट. राहिली, तर दोन वर्षांचा टॅक्स एकदम डोक्यावर. हे तिला कसं सांगायचं, या विचाराने मला त्या दिवशी डबा गेला नाही.

सांगितलं, तर चिडली नाही. एवढंच म्हणाली, "पण अक्का, दिवाळी हे काम कुठे होतं?" ऑफिसात सगळे मला अक्का म्हणतात, तशी तीही म्हणते.

तिला घेऊन मूर्ती सरांकडे गेले. तिच्या देशाच्या करारात म्हणे दोन वर्षं 'त्या कामासाठी' पहिल्यांदा आल्यापासून मोजायची. मग विमानतळावरचा शिक्का धरायचा की कामाचा पहिला दिवस? मी ते वाक्य चार वेळा वाचलं, चारही वेळा वेगळा अर्थ लागला. डोक्याचा नुसता भुगा.

"स्वल्प थांबा, अक्का," सर म्हणाले. "ते वीस दिवस ती कामासाठी आली नव्हती, याला काही पुरावा आहे?"

होता ना... माझाच मेल! 'कामाचं नावही काढायचं नाही, फक्त खायचं आणि झोपायचं,' असं मी त्यात बजावलं होतं. तो आता टॅक्सच्या फाइलला लागलाय. सोबत तोंडाला उटणं फासलेल्या एलेनाचा फोटो, रंगीत प्रिंट.

सरांनी लेखी मत दिलं. टिकेल ना, विचारलं तर म्हणाले, "टिकायला हवं." याचा अर्थ हो की नाही, देव जाणे. एलेनाने मात्र तेवढ्यावर तिकीट होतं तसंच ठेवलं.

शेवटी तिचं एक डिक्लरेशन जोडायचं होतं. ते वीस दिवस तुम्ही कुठे होतात, कशासाठी होतात... तिने लिहिलं, 'घरच्यांकडे, दिवाळीला.' आणि पुढे नात्याच्या रकान्यात, 'अक्का'.

इतकी वर्षं मी लोकांचे फॉर्म तपासतेय. चुकीचं काही दिसलं की लाल पेनाने गोल करते. सवयीने पेन उघडलंसुद्धा... पण हे चूक की बरोबर, ते काही कुठल्या करारात लिहिलेलं नाही.

पेनाला टोपण लावलं आणि फाइल सरांकडे पाठवून दिली. करार मला अजूनही धड कळलेला नाही. पण दोन वर्षांपूर्वी तो मेल केला, हे फार बरं झालं.