फेस बसू नये म्हणून

लग्न झाल्यापासून मी कधी बिअरचा ग्लास धुतला नव्हता. असले ग्लास स्वयंपाकघरात यायचे नाहीत, हा सासूबाईंचा नियम. ऊस तुटून गेला किंवा कुणी पाहुणा आला की हे एखादी बाटली आणायचे, बाहेर अंगणातल्या ओट्यावर बसून प्यायचे आणि ग्लास बाहेरच्या नळावर स्वतः धुऊन पडवीतल्या फळीवर पालथा घालायचे. सासूबाई गेल्या तरी ती रीत मोडली नाही. मला काय, घासायला एक भांडं कमीच.

मग ह्यांना घशाचा कॅन्सर झाला. नगरला विजेचे शेक देऊन झाले, नाकातून नळी बसली. घोटभर पाणी प्यायले तरी असा ठसका लागायचा की माझा जीव टांगणीला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आता फार दिवस नाहीत, काही मागितलं तर चवीपुरतं जिभेवर ठेवा.

ह्यांनी मागितला बिअरचा फेस. आवाज गेलेला, कुजबुजतच बोलायचे. "बिअर नको गं, ती जायची न्हाई. वरचा फेस चमच्यानं दे." मला वाटलं, तापात बरळतायत. पण बोलत होते ते खरंच होतं. फेस घशात धावत जात नाही, जिभेवर बसतो आणि तिथंच विरतो. माझ्या हातून त्यांना देता येईल असं एवढंच उरलं होतं. ते मी देणारच होते, मग काही होवो.

पुतण्यानं बेलापूरहून पेपरात गुंडाळून बाटली आणली. पुण्याच्या लेकीनं तेव्हा नुकताच डिशवॉशर घेऊन दिला होता. ह्यांची भांडी कडक गरम पाण्यातून निघायला हवीत म्हणून, आणि माझा वेळ मोरीत जाऊ नये म्हणूनही. मी फळीवरचा ग्लास काढला आणि दुधाची पातेली, ताकाचा गंज, तुपाची वाटी ह्यांच्याबरोबर मशीनमध्ये घातला. निघाला तो भस्म फासल्यासारखा. बिअर ओतली, फेस वर आला आणि मी चमचा घेऊन पलंगापाशी पोचेपर्यंत बसला. चमच्यात नुसतं पिवळं पाणी. ह्यांनी मान फिरवली.

पांढुरका थर होता बोअरच्या पाण्याचा. आमच्याकडच्या पाण्याला क्षार फार, बादलीलासुद्धा पापुद्रा धरतो. लेकीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, मशीनमध्ये मीठ घातलंस का?" घातलं होतं की! पोळ्यांच्या कणकेत टाकतो तेच, पावडरच्या कप्प्यात, चांगलं मूठभर. मशीनचं मीठ वेगळं असतं म्हणे, खड्याचं, आणि ते खाली तळाशी झाकण उघडून भरायचं. मला कोण सांगणार? तिनं ते मीठ धाडलं, बरोबर भांड्यांना चकाकी आणणारी एक बाटलीही. त्यानंतर ग्लास असा लख्ख निघाला की उन्हात धरला तर काच दिसेना. मी मोठ्या उमेदीनं बिअर ओतली. फेस आला तसा गेला.

माझं डोकंच फिरलं. ह्या मेल्या मशीनला विहिरीत ढकलते, असं म्हणाले आणि तिथंच फरशीवर बसून रडले. एवढ्या आजारपणात तोवर रडले नव्हते. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, नवरा चाललाय आणि ही बाई ग्लासापायी रडतेय. माझ्या लेखी दोन्ही एकच होतं.

ह्यांनी हातानं खूण करून जवळ बोलावलं. थांबत थांबत म्हणाले, "दुधाची भांडी काढ त्यातनं. ती चकाकीची बाटली बंद कर. आन् फडक्यानं पुसू नको."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"म्हणून तर मी भाईर धुवायचो. तुमच्या घासणीला सायीचा ओशटपणा. ओशट लागलं की फेस मरतो. त्या चकाकीचाबी थरच बसतो."

आणि मी इतकी वर्षं समजत होते, आईच्या धाकानं धुतात. संसार केला, पण ही गोष्ट कधी विचारली नव्हती.

मग मी आधी मशीन लिंबूसत्त्व घालून रिकामंच फिरवलं. त्यानंतर ग्लास एकटा घातला, पावडर जराशीच. निघाल्यावर पालथा ठेवून निवू दिला, फिल्टरच्या गार पाण्यानं आतून विसळला आणि फडकं लांबच ठेवलं. त्या दिवशी फेस बोटभर जाड उभा राहिला आणि हलला नाही. चमचाभर जिभेवर ठेवला तसे ह्यांनी डोळे मिटले. ठसका लागला नाही. ओठावर थोडा फेस राहिला होता, तो पुसायला गेले तर माझा हात धरला. राहू दे म्हणाले. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

त्यानंतर रोज दुपारपासून माझं तेच चालायचं. मशीन आवरायचं, जाळी काढून धुवायची, एकट्या ग्लासासाठी ते फिरवायचं, संपेपर्यंत तिथंच घुटमळायचं. काही चुकू नये एवढंच डोक्यात.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी फेस कधी नव्हे इतका छान आला होता. मी चमचा पुढं केला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"अहो, बघा तरी. आत्ता काढलाय मशीनमधून. एवढं सगळं करून..."

"बस जरा हितं," ते म्हणाले. "सारखी त्या मशीनपाशी आसती. मला हाकबी मारता येत न्हाई."

मी चमचा खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसले.