पिवळा ठिपका

कॅन्ससच्या पश्चिमेला, आमच्या गावच्या धान्यकोठारापाशी वजनकाटा आहे. त्या काट्यावर लिअँडर ड्रायलिंगनं एकतीस वर्षं काढली. गव्हाचा ट्रक भरलेला आला की वजन, रिता होऊन निघाला की पुन्हा वजन. निवृत्त झाल्यावर माणसं तळ्यावर गळ टाकून बसतात. लिअँडरला मासे आवडत नाहीत. त्यानं काट्याच्या आवारातच लोकांचे ट्रेलर जुळवून द्यायला घेतले.

मागे जड ट्रेलर लावला की ट्रकचं बूड खाली बसतं, नाक वर येतं आणि पुढची चाकं हलकी होतात. हलकी चाकं स्टिअरिंगला जुमानत नाहीत. त्यात आमच्याकडचा आडवा वारा, म्हणजे ट्रेलर मागे डुलायला लागलाच. म्हणून हिचला, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या जोडणीला, दोन पोलादी दांडे असतात. ते साखळ्यांनी ताणले की मागचा भार पुढच्या चाकांवरही वाटला जातो. किती ताणायचे, यातच सगळी मेख. लिअँडर ट्रकच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची टेपनं मोजतो. ट्रेलर जोडण्याआधी एकदा, जोडल्यावर एकदा, दांडे ताणल्यावर पुन्हा एकदा. वर आलेलं नाक पहिल्या उंचीच्या जवळ परतलं, की साखळीच्या त्या कडीवर गुरांना खूण करायच्या रंगानं पिवळा ठिपका देतो. पुढच्या वेळी ठिपक्याची कडी आकड्यात अडकवायची, बस. ठिपकेवाला ट्रेलर रस्त्यात डुलला, असं आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि हे लिअँडर न विचारता सांगतो.

त्याची अट एकच. ट्रेलर भरून आणायचा. एकदा आमच्या चर्चचे फादर रिकामा घेऊन आले.

"फादर, पाणी कुठंय? भांडीकुंडी कुठंयत?" लिअँडरनं विचारलं.

"ती काय, निघताना भरू."

"मग निघताना या. आणि कुत्रा बरोबर जाणार असेल तर तोही आणा."

फादर निमूट घरी गेले आणि कुत्र्यासकट परत आले.

आता त्याची मुलगी जॅनेल. चौतीस वर्षांची, नर्स. तेरा आठवडे एका गावच्या इस्पितळात, मग तेरा आठवडे दुसऱ्या गावच्या. भाड्याच्या खोल्यांना कंटाळून तिनं चोवीस फुटी ट्रेलर घेतला. पहिलं काम मोंटानात, साडेसातशे मैल, आणि ट्रेलर ती एकटी ओढत नेणार होती. एकतीस वर्षं त्यानं रस्त्यावरून आलेल्या लोकांच्या तोंडून, कोण कुठे उलटलं, तेच ऐकलं होतं.

"मी नेऊन पोचवतो. येताना बसनं येईन," तो म्हणाला.

"डॅड, तू बसमध्ये ड्रायव्हरला शिकवत बसशील. तो तुला हायवेवर उतरवेल आणि मला घ्यायला यावं लागेल."

"तू आजवर एवढं ओढलंयस तरी काय?"

"तुझी काळजी. दर वर्षी ओढते."

गुरुवारी ती रात्रपाळी करून घरी आली आणि दुपारभर झोपली. पोरीला जाग यायच्या आत काम उरकावं, म्हणून लिअँडरनं अंगणातच ट्रेलर जोडला, मोजलं, ताणलं, पुन्हा मोजलं आणि ठिपका दिला. मन जरा हलकं झालं. नेऊ द्यायचं की नाही हे अजून ठरायचं होतं, पण निदान हिच तरी आपल्या हातचं.

शनिवारी सकाळी जॅनेलनं ट्रक-ट्रेलर काट्याच्या आवारात आणून उभा केला. शेजारचा व्हर्जिल लायकर घडीची खुर्ची आणि कॉफी घेऊन आधीच हजर होता. दुसऱ्याचं हिच बघायला मिळणार असेल तर तो लग्नालाही जाणार नाही.

"इथं कशाला आणलास? ठिपका आहे की," लिअँडर म्हणाला.

"आहे ना. टेप दे."

तिनं पुढच्या कमानीशी टेप धरली. अडतीस इंच. लिअँडरनं टेप हिसकावून स्वतः मोजलं. अडतीसच. गुरुवारी सव्वासदतीस होतं.

"टेप जुनी झाली असेल," तो पुटपुटला.

"टेप ठीक आहे. डॅड, गुरुवारी आत काय होतं?"

लिअँडरनं ट्रेलरचं दार उघडून आत डोकावलं.

"पलंगाखाली काल चाळीस गॅलन पाणी भरलंय, ते तर ट्रेलरच्या पार पुढच्या टोकाला. वर माझी पुस्तकं, डबे. आणि आईनं कोबी-खिमा भरलेल्या बिरॉक-पावांचा अख्खा डबा कोंबलाय, मोंटानात जेवण मिळत नाही असं तिला वाटतं. तू रिकामा मोजलास."

व्हर्जिलनं कॉफीचा कप खाली ठेवला. "फादरना बोलवू का रे? कुत्रा घेऊन येतील."

लिअँडरचे कान लाल झाले. एकतीस वर्षं भरलेलं आणि रिकामं यांतला फरक मोजून पोट भरलेला माणूस, आणि आपल्याच पोरीच्या बाबतीत तो विसरला. ठिपक्याच्या भरवशावर ती तशीच निघाली असती, पुढची चाकं हलकी घेऊन, वाऱ्यात.

"बाजूला हो, मी करतो," तो म्हणाला.

"तू बस व्हर्जिलकाकांशेजारी."

आणि तो बसला.

जॅनेलनं चाकांखाली ठोकळे लावले. ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून ट्रकची मागची बाजू वर घेतली, साखळ्या सैल होईपर्यंत. घाई केली आणि ताण असतानाच आकडा सोडला, की त्याचा दांडका उसळून तोंडावर येतो. लिअँडरच्या हनुवटीवर त्याचीच खूण आहे. ओरडून सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात ती आपणहून बाजूला सरकून उभी राहिली.

"तुझी हनुवटी लहानपणापासून बघतेय," मागे न बघता ती म्हणाली.

दोन्ही बाजूंची साखळी तिनं एकेक कडी जवळ घेतली, खिळी अडकवली, जॅक उतरवला आणि टेप लावली. सव्वासदतीस. मग काट्यावर नेऊन पुढच्या चाकांचं वजनही केलं. लिअँडरनं काच पुसून आकडा वाचला, दोनदा वाचला. त्याच्या हातून याहून चांगलं झालं नसतं, आणि हे त्याला मान्य करावंसं वाटलं.

जॅनेलनं रंगाची कांडी त्याच्यापुढे धरली.

"तूच लाव," तो म्हणाला.

"जुना ठिपका खरवडू?"

"राहू दे. कुणी केलं आणि कुणी सुधारलं, दिसू दे लोकांना."

रविवारी ती गेली. नेऊन पोचवण्याचं त्यानं पुन्हा काढलं नाही. सोमवारी दुपारी फोन आला. वाटेत पेट्रोल भरताना वाऱ्यानं टोपी गेली, पण ट्रेलर जराही डुलला नाही. शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, हिच कुणी लावलं.

"मग काय सांगितलंस?"

"मी लावलं म्हणाले."

"बरोबर सांगितलंस," लिअँडर म्हणाला आणि लगेच व्हर्जिलच्या घराकडे निघाला.

अजूनही कुणी रिकामा ट्रेलर आणला की तो परत पाठवतो. माणूस रुसला तर म्हणतो, "रुसतोस काय? माझ्या पोरीनं मला पकडलं होतं, या इथंच." आणि ती कुठं उभी होती ती जागा दाखवतो.