सासूबाईंच्या मार्फत विंडोज

भासऱ्यांशी बोलायचं नाही, हा आमच्या सासरचा नियम कोणी केला होता ते मला कधी कळलं नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ खोलीत आला की पदर डोक्यावर घ्यायचा आणि निघून जायचं. निघता येत नसेल तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. काही सांगायचंच असलं तर सासूबाईंना सांगायचं, मग त्या भासऱ्यांना सांगणार. भासरे चार हातांवर बसलेले असले आणि सगळं त्यांच्या कानावर पडत असलं, तरीही.

पांढुर्ण्यात तेव्हा घरोघरी असंच होतं असंही नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सौसरला माझ्या माहेरी तर माझी काकू माझ्या वडिलांशी खुशाल भांडायची. पण मी सासरी आले तीच नमुनेदार सून व्हायचं ठरवून. पदर इतका पुढे ओढायची की समोरचं ताट दिसायचं नाही, आणि वाढायची मात्र मीच. वरण कोणाच्या पानात पडलं आणि कोणाच्या मांडीवर, हे घरच्यांनी सांगितल्यावर कळायचं.

तर अशा घरात कॉम्प्युटर आला. आणला भासऱ्यांनी आणि चालवायचा होता मी.

आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे पेपर. सासरे स्वतः शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवायचे, पण आता त्यांना चष्म्यातूनही अनुस्वार दिसेनासा झाला होता. भासरे नागपूरला नोकरीत. त्यांच्या ऑफिसात नवी मशीनं आली तेव्हा जुन्यातलं एक त्यांनी छापखान्यासाठी घेतलं. मी लग्नाआधी नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. बघण्याच्या वेळी आईनं तो स्वयंपाकानंतर आणि विणकामाच्या आधी सांगितला होता. सर्टिफिकेट मी फ्रेम करून आणलं आणि देवाच्या फोटोशेजारी टांगलं. रोज उदबत्ती ओवाळताना एक फेरी त्याच्यासमोरूनही जायची. आज हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मशीनवर जुनं विंडोज होतं. मराठी अक्षरांचा प्रोग्राम वेगळा आणला, तर त्याला लागायचं नवं विंडोज. मग भासऱ्यांनी नव्याच्याही फ्लॉप्या आणून दिल्या. मी एकेक घालून सगळं मशीनवर चढवलं. अक्षरांचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की याला विंडोजचं नवं व्हर्जन पाहिजे. आणि प्रोग्राम बंद.

मी परत चढवलं. परत तीच ओळ. फ्लॉपी खराब असेल म्हणून मऊ फडक्यानं वरून पुसली. काही फरक नाही. असे बरेच दिवस गेले.

इकडे नणंदेचं लग्न रामाकोन्याला ठरलं. आणि भासऱ्यांचा मेहुणा नागपुरात कॉम्प्युटरचा क्लास काढत होता, त्याला मशीन पाहिजेच होतं. सासऱ्यांनी जेवता जेवता निकाल दिला.

"पोरीची पत्रिका या डब्यावर निघाली तर डबा इथं राहील. नाही निघाली, तर सोमवारी संत्र्याची जीप नागपूरले जातेच आहे. तिच्यात ठेवून द्या."

पत्रिकेचा मजकूर कागदावर छापून निघाला तर तोही त्याच जीपनं जाणार होता, नागपूरला ब्लॉक करायला, म्हणजे त्यावरून छपाईचा धातूचा ठसा काढायला. म्हणजे सोमवारी जीपमध्ये एक तर कागद जाणार, नाही तर मशीन. मशीन गेलं की मी सकाळ-संध्याकाळ चुलीपाशी. पोळ्यांशिवाय आणखी काही येतं असं दाखवायला त्या घरात माझ्याकडे तेवढी एकच वस्तू होती. सर्टिफिकेट होतं, पण ते काही छापत नव्हतं.

शनिवारी भासरे पॅसेंजरनं आले. छापखान्याच्या आतल्या खोलीत मी मशीनपुढे, बाहेरच्या खोलीत ते पेपर घेऊन, आणि मधल्या दारात पाट टाकून सासूबाई, पुढ्यात सुपात तूर.

"आई, त्यांना सांगा, डॉसचं व्हर्जन तपासलं. ते बरोबर आहे."

सासूबाईंनी मान बाहेर वळवली. "डॉसचं बरोबर आहे म्हणते."

"मग मेमरी कमी पडत असंल, तिले विचार."

मान आत. "मेमरी कमी पडून राहिली काय, म्हणते तो."

"म्हणा, मेमरीचं असतं तर तसं लिहून आलं असतं. हे नवं विंडोज मागते."

"नवं पाहिजे म्हणते."

"नवंच तर आणून देल्लं!"

"नवंच तर आणून देल्लं म्हणते."

"मी ऐकलं, आई."

"ऐकलं तर मंग मले काहून बोलवून राहिली? माझ्या तुरीत खडे तसेच राहून राहिले!"

भासऱ्यांना वाटलं, स्वतः बघावं. ते उठले तशी खुर्ची वाजली, आणि मी लगेच मशीन बंद केलं, पदर ओढला आणि मागच्या दारानं अंगणात गेले. मोठ्या माणसापुढे चालू मशीन सोडून जाणं मला बरं दिसेना. ते आत आले, काळ्या पडद्यापुढे उभे राहिले, मशीनच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला.

"गरम आहे," ते सासूबाईंना म्हणाले, आणि परत बाहेर जाऊन बसले.

चालू त्यांनी केलं नाही. सासऱ्यांनी सुनेनं चालवायचं असं म्हटलं होतं ना. सुनेच्या हातातलं काम काढून घेतलं असं कोणी म्हणायला नको. असे आम्ही दोघंही फार चांगल्या वळणाचे होतो. दिवसभर ते आत आले की मशीन बंद, आणि ते बाहेर गेले की चालू.

चालू होताना मी डोळे मिटून हात जोडायची. विंडोज सुरू होताना व्हर्जनचा आकडा पडद्यावर क्षणभर येतो आणि जातो, नेमका त्याच वेळी माझा नमस्कार चालू असे. शिवाय आकडा वाचायचा कशाला? फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेला होता की. बरणीवर लिंबू लिहिलं तर आत लिंबूच असणार, इतकी साधी समज होती माझी.

रविवारी सकाळी नणंद दारातून डोकावली.

"वहिनी, निघते काय माझी पत्रिका? का मी तशीच रामाकोन्याले जाऊन बसू?"

"थांबा ना बाई, होऊन राहिलं."

"कालपासून होऊनच राहिलं. नवरदेव म्हातारा होईल तिकडं."

जेवणं झाली आणि सासऱ्यांनी खिळ्यांच्या पेट्या उघडल्या. चिमट्यासारखी बोटं करून ते पत्रिकेची पहिली ओळ जुळवायला लागले. टक्, टक् असा आवाज आतपर्यंत यायचा. त्या आवाजाचा अर्थ मला बरोबर कळत होता. मी पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून सुरुवात केली.

त्यातच लाइन गेली. पंखा थांबला, पडदा विझला. सासूबाई म्हणाल्या, आता दोन घटका तरी येत नाही, मी शेजारी हळद मागून आणते. त्या सूप उचलून गेल्या. मी फ्लॉप्या एकावर एक लावत बसले. भासऱ्यांना वाटलं असेल, अंधार झाला म्हणजे मीही उठून गेले. ते त्यांची विजेरी शोधत आत आले. आणि त्या घटकेला लाइन परत आली.

मला मागच्या दारापर्यंत पोचता आलं नाही. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मशीनचं बटण चालूच राहिलं होतं, त्यामुळे ते आपलं आपण जागं झालं, कुरकुरलं, आणि विंडोज सुरू झालं. पहिल्यांदाच भासऱ्यांच्या डोळ्यांसमोर.

"आई," भासरे म्हणाले. आई नव्हत्या. ते थांबले. मग दाराकडे पाहून म्हणाले, "आई असती तर तिले म्हटलं असतं, हे जुनंच चालू आहे."

मी भिंतीला म्हटलं, "आई असत्या तर विचारलं असतं, कशावरून."

"नव्यातल्या खिडक्या एकमेकीवर चढतात, असं सांगितलं असतं. आमच्या ऑफिसात रोज पाहतो मी. ह्या तर फरशीसारख्या बाजूबाजूनं बसल्या."

मला नव्यातल्या खिडक्या चढतात हे माहीतच नव्हतं. मी जन्मात नवं विंडोज पाहिलंच नव्हतं. जुनं सुरू होत होतं, आणि मी त्याला नवं समजून त्याच्याशी डोकं फोडत होते. आणि ज्यांना एका नजरेत कळलं असतं, त्यांच्यासमोर मी दोन दिवस पडदा काळा करून ठेवला होता.

मी वळले. पदर खांद्यावर आला, तो तिथंच राहिला.

"चढतात म्हणजे कशा?" मी सरळ त्यांनाच विचारलं.

त्यांनी एका हातावर दुसरा हात ठेवून दाखवलं. मग आपणही सरळ बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हात तसेच राहिले.

पण मला आता दुसरंच सुचलं होतं. मशीनला एक ओळ लिहून द्यावी लागायची, की प्रोग्रामला हाक मारली तर कोणत्या कप्प्यात आधी पाहायचं आणि कोणत्या नंतर. जुनं विंडोज मी काढलं नव्हतं. चांगलं चालणारं कोणी काढून टाकतं का? जुनं एका कप्प्यात, नवं दुसऱ्या कप्प्यात. विंडोज म्हणून हाक मारली की मशीन ओळीतल्या पहिल्या कप्प्यात जायचं आणि तिथं मिळालं की पुढे पाहायचंच नाही. मी ती ओळ पडद्यावर आणली. पहिलं जुनं, मग नवं. माझ्याच हातानं लिहिलेलं.

भासऱ्यांनी वाकून वाचलं. "जुनं आधी काहून लिहिलं?"

"जुनं ते मोठं," मी म्हटलं. "मोठ्यांचं पान आधी वाढतात ना."

हे मी अगदी गंभीरपणे सांगितलं. कोर्स झालेली, फ्रेमवाली मी. भासरे हसले. लग्न होऊन इतके महिने झाले होते, पण ते हसतात कसे हे मला माहीत नव्हतं. खोकल्यासारखं हसायचे.

"त्याले नाही कळत मोठं-लहान," ते म्हणाले. "नवं आधी लिही."

मी नवं आधी लिहिलं, मशीन बंद करून चालू केलं. या वेळी हात जोडले, पण डोळे उघडे ठेवले. आकडा आला आणि गेला, तो नवा होता. खिडक्या एकमेकीवर चढल्या. अक्षरांचा प्रोग्राम उघडला आणि त्यानं काहीही मागितलं नाही. मी पत्रिकेचं पहिलं नाव टाइप केलं, कुलदेवतेचं.

तेवढ्यात सासूबाई हळदीची वाटी घेऊन दारात आल्या. एका पडद्यापुढे दोन डोकी, आणि त्यातल्या एकावर पदर नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"आई, तिले सांग, मजकूर झाला की छाप म्हणा," भासरे एकदम म्हणाले.

"ती तुझ्या बाजूले बसली आहे," सासूबाई म्हणाल्या. "तूच सांग."

मजकूर टाइप व्हायला दिवेलागण झाली. कागद चिरचिर करत ओळीओळीनं बाहेर आला. सासऱ्यांनी तो खिळ्यांच्या जुळवलेल्या ओळींशेजारी धरला, चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला.

"मात्रा बारीक आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी जुळवलेल्या ओळी सोडवल्या आणि एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकायला घेतला. सगळे टाकून झाल्यावर भासऱ्यांना म्हणाले, "ब्लॉकवाल्याले सांग, जरा जाड काढ म्हणा."

सोमवारी कागद जीपमध्ये गेला, संत्र्यांच्या पेट्यांच्या वर, पेपरात गुंडाळून. मशीन राहिलं. भासऱ्यांच्या मेहुण्यानं पुढे दुसरीकडून मशीन घेतलं म्हणे.

रविवारी रात्री सासूबाई आणि मी भांडी आवरत होतो. मला वाटलं, पदराचं बोलणार. नमुनेदार सुनेनं मनातल्या मनात माफीही जुळवून ठेवली होती.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "काल सकाळपासून मी दारात बसली. तिकडचं इकडे केलं, इकडचं तिकडे केलं. मान दुखून आली माझी. अन् मी शेजारी गेली, तवाच निघाला तुमचा रोग?"

मी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. हो म्हणावं की नाही, दोन्ही अवघड होतं.

घरातला नियम तसा मोडला नाही. जेवताना भासऱ्यांना भाजी हवी की नको, हे मी पुढची कितीतरी वर्षं सासूबाईंनाच विचारत राहिले. पण भासरे नागपूरहून आले आणि छापखान्यात मशीन कुठं अडलं, की सासूबाई कोणी न सांगता चपला घालायच्या.

"हळद आणाची आहे," म्हणायच्या, आणि शेजारी जाऊन बसायच्या.